शुक्राला चुंबकीय ढाल नाही, मग त्याची हवा कशी टिकली? (सौरवारा, अरोरा आणि ग्रहांची वातावरणं)

मालवी_मराठी (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला रामबागेत राहते. शाळेतली विज्ञानाची नोकरी संपून चार वर्षं झाली, पण दर रविवारी सकाळी इथल्या एका मराठी वाचनालयाच्या माडीवर मुलांचा वर्ग घेते. सहावी ते नववीची बारा-पंधरा मुलं येतात. घरात मराठी, शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी, असं सगळ्यांचं. म्हणून हा वर्ग मराठीतूनच चालवते.

गेल्या रविवारी सौरवारा घेतला होता. सूर्याकडून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सतत बाहेर वाहत असतात, सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवतं. मग फळ्यावर मंगळ काढला. त्याच्या पोटातला चुंबक सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी विझला, ढाल गेली, आणि सौरवाऱ्याने त्याची हवा ओरबाडून नेली, असं सांगितलं. वीस वर्षं मी हे असंच शिकवत आले.

सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. "बाई, मग शुक्राची का नाही नेली? त्याला पण चुंबक नाही म्हणालात मागच्या वेळी. आणि तो तर सूर्याच्या आणखी जवळ आहे."

शुक्राच्या जमिनीवर हवेचा दाब आपल्या ९२ पट. ढाल नाही, सूर्य जवळ, आणि हवा इतकी. मी खडू खाली ठेवला आणि तिला म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. आठवडाभर हाच प्रश्न डोक्यात आहे. इथे जाणकार आहेत, म्हणून धागा काढला.

दुसरं म्हणजे अरोरा, ध्रुवांकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत उजेड. या मुलांनी तो फक्त मोबाईलवर पाहिलाय. माडीवर, हाताला लागेल अशा काही वस्तूंनी दाखवता येईल का?

---

सयाजीबाग (बडोदे)

ताई, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. तिने विचारलेल्या प्रश्नावर या विषयातली माणसं आजही वाद घालतात. वातावरणाचं भौतिकशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या फळ्यावरचं चित्र अर्धं बरोबर होतं. शुक्राला स्वतःचा चुंबक नाही हे खरं. पण त्याच्या वरच्या थरातली हवा सूर्याच्या अतिनील किरणांनी आयनीभूत होते, म्हणजे तिच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटून आयन बनतात आणि ती वीजवाहक होते. सौरवारा येताना सूर्याचं चुंबकीय क्षेत्र बरोबर ओढून आणतो. ते या वीजवाहक थरावर आलं की थरात विद्युतप्रवाह सुरू होतात आणि ते प्रवाह त्या क्षेत्राला आत शिरू देत नाहीत. ओढ्यातल्या दगडाला शेवाळाचे तंतू अडकतात आणि दोन्ही बाजूंनी मागे वाहत राहतात ना, तशा क्षेत्ररेषा शुक्रावर अडकून मागे लांब शेपटीसारख्या पसरतात. उसनी ढाल म्हणा हवं तर. मंगळाभोवतीही आज अशीच आहे.

म्हणून शुक्राची हवा गळतच नाही असं समजू नका. २००६ ते २०१४ या काळात युरोपचं व्हीनस एक्सप्रेस यान शुक्राभोवती फिरत होतं. त्या शेपटीतून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे आयन निघून जाताना त्याने मोजले, साधारण दोनास एक. हे पाण्याचंच प्रमाण झालं! शिवाय शुक्राच्या हवेत साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आहे. हलका उडून गेला, जड मागे साचत राहिला. शुक्राने आपलं पाणी असं गमावलं. जो कार्बन डायऑक्साइड उरला, तीच आज दिसणारी जाड हवा.

आता पृथ्वी. ढाल असूनही आपली सुमारे ९० टन हवा रोज अवकाशात जाते. ध्रुवांजवळच्या काही क्षेत्ररेषा वर्तुळ पूर्ण करून परत येत नाहीत, थेट अवकाशात उघडतात. त्या वाटेने आयन वर चढतात. शुक्र, पृथ्वी आणि मंगळ यांची आजची आयनगळती मोजली तर ती एकाच पातळीच्या आसपास निघते. एकाकडे चुंबक आहे, दोघांकडे नाही, तरी! ढालीची गोष्ट इथे अडखळते.

---

छत्रीबाग (इंदूर)

+१. उत्तम धागा. ताई, मी जवळच राहतो, मुलाला पाठवीन म्हणतो.

सयाजीबागांनी दिलेला ९० टनांचा आकडा ऐकून मुलं घाबरतील, म्हणून त्यांच्याकडूनच हिशेब करून घ्या. पृथ्वीची सगळी हवा साधारण ५ वर १५ शून्यं इतके टन. रोज ९० टन म्हणजे वर्षाला सुमारे ३३ हजार टन. भागाकार केला की हवा संपायला १५० अब्ज वर्षं लागतील असं येतं. सूर्यमालेचं वयच ४.६ अब्ज आहे.

मग मंगळ. नासाच्या मेव्हन यानाने मोजलेली मंगळाची गळती सेकंदाला साधारण १०० ग्रॅम. वाटीभर रवा म्हणा. दिवसाला साडेआठ टन, वर्षाला तीन हजार टनांच्या वर. मंगळाची आजची हवा २५ वर १२ शून्यं इतके टन. म्हणजे एवढीशी विरळ हवा संपायलाही जवळजवळ ८ अब्ज वर्षं लागतील.

आता माझी शंका. आजच्या दराने मंगळाची आजची हवासुद्धा ८ अब्ज वर्षं पुरते. मग पूर्वीची जाड हवा ४ अब्ज वर्षांत गेली कशी?

---

सयाजीबाग (बडोदे)

शंका अगदी मोक्याच्या जागी काढलीत. याचा अर्थ इतकाच, की पूर्वी गळती आजच्या कित्येक पट होती. तरुण सूर्य आजच्यासारखा शांत नव्हता. दृश्य प्रकाश त्याचा आजच्यापेक्षा कमी होता, पण क्ष-किरण आणि अतिनील किरण आजच्यापेक्षा कितीतरी जास्त, वादळं वारंवार, आणि वाराही दाट. मेव्हनने आजच्या सूर्याच्या वादळांतही मंगळाची गळती कित्येक पटींनी वाढलेली पाहिली आहे. मंगळाच्या तरुणपणी तशी वादळं रोजचीच असणार.

२०१७ मध्ये मेव्हनच्या गटाने आर्गॉनवरून याचा अंदाज काढला. आर्गॉन कोणाशी संयोग करत नाही, खडकात मुरत नाही, त्यामुळे तो कमी झाला तर वर गेला एवढंच शक्य. हलका आर्गॉन जडाच्या तुलनेत जास्त गेलेला दिसतो, आणि त्यावरून मंगळाने आपल्या हवेतला सुमारे ६५ टक्के आर्गॉन अवकाशात गमावला असं निघालं.

पण शुक्र आणि मंगळ यांच्यातला मोठा फरक गुरुत्वाचा आहे, आणि तो एका रासायनिक घटनेत फार छान दिसतो. मुलांना हे नक्की सांगा. वरच्या हवेत ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन निघून गेलेला असतो. पुढे तो रेणू दुसरा एखादा इलेक्ट्रॉन पकडतो आणि त्या झटक्यात फुटतो. दोन अणू विरुद्ध दिशांना उडतात, प्रत्येकाकडे जास्तीत जास्त साडेतीन इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं लहानसं माप) ऊर्जा. मंगळावरून कायमचं सुटायला ऑक्सिजनच्या अणूला साधारण २ लागतात, म्हणून वर निघालेला अणू सुटू शकतो. शुक्रावरून सुटायला ९ लागतात. तिथे तोच अणू वर जातो, वळतो आणि खाली पडतो. घटना एकच, ग्रह निराळा, आणि निकाल उलटा. या साऱ्यात चुंबकाचा संबंध कुठेच येत नाही.

---

किल्ल्याच्या_पायथ्याशी (ग्वाल्हेर)

वाचते आहे, मजा येते आहे. माझा प्रश्न साधा आहे. आम्ही शाळेत शिकलो की सूर्याचे कण ध्रुवाच्या भोकातून खाली पडतात आणि हवेवर आदळून उजेड होतो. तोच अरोरा ना?

---

इंदुरी_नॉर्वेत (ट्रोम्सो)

मूळचा इंदूरचा, आता उत्तर नॉर्वेत नोकरीला. ताई, तुमचा धागा वाचून वाचनालयाच्या माडीचा लाकडी जिना आठवला.

अरोरा पहिल्यांदा पाहिला त्याबद्दल लिहितो, कारण फोटोत तो तसा दिसत नाही. सुरुवातीला उत्तरेला क्षितिजाजवळ फिकट पट्टा होता. मला वाटलं ढग आहे. रंगच नव्हता. उजेड मंद असला की आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. अर्धा तास तो पट्टा तसाच होता. मग त्याची खालची कड उजळली, हिरवी झाली, आणि दोन-तीन मिनिटांत सगळं आकाश हललं. पडद्याला वाऱ्याने घड्या पडाव्यात तशा घड्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत होत्या. खालच्या काठाला गुलाबी झालर होती. पाच-सात मिनिटांत ओसरलं. नंतर बराच वेळ आकाशभर फिकट डाग उघडमीट करत होते. मी हातमोजे काढले होते हे बोटं बधिर झाल्यावर कळलं.

आता ग्वाल्हेरच्या ताईंचा प्रश्न. इथली अरोरावेडी माणसं मोबाईलवर एक आकडा बघत बसतात, बीझेड. सौरवाऱ्याबरोबर येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा तो उत्तर-दक्षिण भाग. तो उणे झाला, म्हणजे क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, की लोक गाड्या काढतात. वारा जोरात असला आणि बीझेड अधिक असेल, तर बहुतेक वेळा फार काही घडत नाही. कण नुसते भोकातून पडत असते तर या आकड्याला एवढं महत्त्व नसतं. पुढचं कारण सयाजीबागांनी लिहावं.

---

सयाजीबाग (बडोदे)

लिहितो. ही शाळेतली समजूत माझीही होती.

साध्या सौरवाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा असते साधारण १० इलेक्ट्रॉन व्होल्ट. अरोरा पेटवणाऱ्या इलेक्ट्रॉनची असते काही हजार. म्हणजे मधे कुठेतरी त्यांना शेकडो पट धक्का मिळतो, आणि तो मिळतो पृथ्वीच्या परिसरात.

तो असा. पृथ्वीचं क्षेत्र सूर्याच्या बाजूला दाबलं जाऊन सुमारे ६५ हजार किलोमीटरवर थांबतं, आणि रात्रीच्या बाजूला चंद्राच्या कक्षेपलीकडे लांब शेपटीसारखं ओढलं जातं. येणारं क्षेत्र आपल्या विरुद्ध दिशेचं असलं, म्हणजे बीझेड उणे, की समोरच्या बाजूला दोघांच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. वारा त्या जोडलेल्या रेषा मागे ओढत नेतो. शेपटीत ऊर्जा साठत जाते, गोफण ताणावी तशी. एका मर्यादेनंतर शेपटीतल्या रेषा पुन्हा जोडल्या जातात आणि ऊर्जा पृथ्वीकडे सुटते. ते दोन-तीन मिनिटांत आकाश हलणं म्हणजे हा क्षण. खाली येणाऱ्या इलेक्ट्रॉनना शेवटचा मोठा धक्का जमिनीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर क्षेत्ररेषांच्या दिशेने असलेल्या विद्युत क्षेत्रांतून मिळतो.

आणि हे ध्रुवावर बरोबर मधोमध होत नाही, चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या कड्यावर होतं. ट्रोम्सो त्या कड्याखाली आहे म्हणून नॉर्वेकर नशीबवान.

इंदूरच्या मुलांना एक जवळचं उदाहरण द्या. तुमच्याकडे कॅटमध्ये (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ आहे, १७२ मीटर घेराचं कडं. त्यात इलेक्ट्रॉन फिरतात. तिथले मोठे चुंबक इलेक्ट्रॉनना फक्त वळवतात, वेग देत नाहीत. ऊर्जा द्यायला वेगळं विद्युत क्षेत्र लागतं. पृथ्वीभोवतीही तोच नियम.

---

जुना_मेकॅनिक (इंदूर)

मालवीताई, मी तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, मालगंज भागात दुकान होतं. तुम्हाला माडीवर दाखवायला काय हवं ते माझ्याकडे आहे. चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट संच, चालू स्थितीत. त्याच्या पिक्चर ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉन सुटतात आणि दहा-बारा हजार व्होल्टच्या ओढीने काचेवर येतात. वरचं वाचून कळलं की अरोराचे इलेक्ट्रॉनसुद्धा हजारांच्याच घरातले. म्हणजे इतकी वर्षं आपल्या दिवाणखान्यात त्याच जातीचे इलेक्ट्रॉन धावत होते.

आता सिग्नल येत नाही, नुसत्या मुंग्या दिसतील. पण तेवढं पुरे. जुन्या स्पीकरचा चुंबक पडद्याजवळ आणा. मुंग्यांचं चौकोनी मैदान गोल पिळवटतं. चुंबक उलटा केला की पीळ उलट्या बाजूला. इलेक्ट्रॉन चुंबकाला मानतो हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

दोन गोष्टी सांभाळा. रंगीत टीव्ही घेऊ नका, त्यात पडद्यामागे लोखंडी जाळी असते, ती चुंबकाने भारली की डाग राहतात. आणि मागचं झाकण कोणीही उघडायचं नाही. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जबर झटका शिल्लक असतो. मी स्वतः रविवारी संच घेऊन येईन आणि शेजारी उभा राहीन.

---

छत्रीबाग (इंदूर)

काका, फार छान. एक पुरवणी. टीव्हीत चमकतो तो काचेवरचा लेप. अरोरात चमकते ती हवा. म्हणून सोबत विजेचा टेस्टर ठेवा, निऑनचा लहानसा दिवा असलेला. त्यात वायूच चमकतो आणि रंग वायूवर अवलंबून असतो. नारिंगी म्हणजे निऑन. अरोरात हिरवा आणि लाल म्हणजे ऑक्सिजनचे अणू, निळा-जांभळा म्हणजे नायट्रोजन. पण टेस्टर सॉकेटमध्ये काकांनीच लावावा, मुलांनी लांबून बघावं.

ऑक्सिजन एकच, मग रंग दोन का, हे मुलं विचारणारच. चेतवलेला अणू हिरवा प्रकाश सोडायला साधारण पाऊण सेकंद घेतो, लाल सोडायला जवळजवळ दोन मिनिटं. खाली दाट हवेत दोन मिनिटं कोण थांबू देणार? त्याआधीच दुसरा कण येऊन धडकतो आणि ऊर्जा हिसकावून घेतो. म्हणून लाल फक्त वर, २०० किलोमीटरच्या पुढे विरळ हवेत. हिरवा त्याखाली, १०० ते १५० च्या आसपास.

---

किल्ल्याच्या_पायथ्याशी (ग्वाल्हेर)

आता कळलं. म्हणजे मे २०२४ मध्ये लडाखला हानलेच्या वेधशाळेतून दिसलेला उजेड लाल का होता तेही कळलं. खालचा हिरवा क्षितिजाआड, आणि उंचावरचा लाल तेवढा दिसला. बरोबर ना? आणि इंदूर-ग्वाल्हेरला कधी दिसेल का हो?

---

सयाजीबाग (बडोदे)

बरोबर. ३००-४०० किलोमीटर उंचीवरचा लाल उजेड दोन हजार किलोमीटरवरूनही क्षितिजावर डोकावू शकतो. १० आणि ११ मे २०२४ चं वादळ २००३ नंतरचं सर्वांत मोठं होतं.

इंदूरला? ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईहून अरोरा दिसल्याची नोंद आहे, आणि मुंबई इंदूरच्या दक्षिणेला आहे. म्हणजे अशक्य नाही, पण पिढ्यान्‌पिढ्यांतून एखादी रात्र. त्याआधी २ सप्टेंबर १८५९ ला कॅरिंग्टनच्या नावाने ओळखलं जाणारं सौरवादळ आलं, तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतली माणसं चुंबकीय उपकरणं डोळ्यांनी वाचून वहीत आकडे टिपत होती. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचं त्यांनी नोंदवलं. ते वादळ किती मोठं होतं हे ठरवताना जगभरचे लोक आजही ते आकडे काढतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून उपकरणं अलिबागला हलवली, १९०४ मध्ये. त्या वहीत आकडे लिहिणाऱ्या माणसांचा विचार मनात आला की मला भरून येतं.

आज सौरवाऱ्यावर लक्ष ठेवायचं काम भारताचं आदित्य-एल१ यान करतं. २ सप्टेंबर २०२३ ला निघालं, ६ जानेवारी २०२४ ला जागेवर पोहोचलं, इथून १५ लाख किलोमीटर. सौरवारा मोजणारं त्यातलं एक उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनवलं. वारा तिथून आपल्यापर्यंत यायला तासभर घेतो. तेवढीच आगाऊ खबर.

---

इंदुरी_नॉर्वेत (ट्रोम्सो)

मुलांना सौरवाऱ्याच्या शोधाची गोष्टही सांगा. धूमकेतूची शेपूट कायम सूर्यापासून दूर का वळते यावरून १९५१ मध्ये लुडविग बिअरमनने ताडलं की सूर्याकडून कण वाहत असणार. १९५८ मध्ये युजीन पार्करने गणित मांडलं. दोन परीक्षकांनी लेख नाकारला. त्या नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही निष्कर्ष पटला नव्हता, पण गणितात चूक सापडत नाही म्हटल्यावर त्यांनी लेख छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ यान शुक्राकडे जाताना सगळी वाट तो वारा मोजत गेलं. न पटणारी पण बिनचूक गोष्ट छापणं, याला मोठं मन लागतं.

---

मालवी_मराठी (इंदूर)

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! काका, रविवारी साडेनऊला या, जिन्यावरून संच चढवायला दोन मोठी मुलं खाली पाठवते.

अजून एक अडलंय, आणि ते शब्दाचं. मी मुलांना अरोराला "ध्रुवीय प्रकाश" शिकवला. पण मंगळावरही अरोरा असतो असं वाचलं, आणि तिथे तर ध्रुव असलेला चुंबकच नाही. मग तिथे ध्रुवीय कसं म्हणायचं?

---

सयाजीबाग (बडोदे)

अगदी रास्त. मंगळाच्या दक्षिण गोलार्धातल्या खडकांत जुन्या चुंबकाचे अवशेष आहेत, छत्र्या उघडून ठेवल्यासारखे. युरोपच्या मार्स एक्सप्रेस यानाने २००४ मध्ये पहिला अरोरा पाहिला तो तिथे. नंतर डिसेंबर २०१४ मध्ये मेव्हनला उत्तर गोलार्धात दूरवर पसरलेला मंद अरोरा दिसला. अडवायला काही नसलं की सूर्याकडून आलेले वेगवान कण थेट हवेत शिरतात. तो अतिनील होता, डोळ्यांना दिसला नसता. पण १८ मार्च २०२४ ला पर्सिव्हरन्स गाडीने मंगळाच्या जमिनीवरून हिरवा उजेड टिपला, तोच ऑक्सिजनचा हिरवा. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून टिपलेला पहिला अरोरा.

शब्दाचं म्हणाल तर मी सरळ अरोरा म्हणतो. रोमन लोकांची ती पहाटेची देवी, आणि आपल्या उषेचं आणि तिचं नाव भाषेच्या एकाच मुळातून आलेलं. परका वाटायचं कारण नाही.

गुरूचं थोडक्यात सांगतो, नाहीतर मुलं सगळीकडे सौरवाराच शोधतील. गुरूच्या अरोराला मुख्य ताकद त्याच्या स्वतःच्या फिरण्याची, दहा तासांत एक फेरी. आयो या चंद्रावरच्या ज्वालामुखींतून सेकंदाला सुमारे एक टन वायू बाहेर पडतो, त्याला गुरूचा चुंबक गरगरा फिरवतो, आणि अरोरा कायम पेटलेला राहतो. सौरवारा तिथे फक्त कमीजास्त करतो.

---

मालवी_मराठी (इंदूर)

आजचा वर्ग आत्ताच झाला. घरी येऊन लगेच लिहिते आहे.

सतरा मुलं होती. काकांनी संच टेबलावर ठेवला, पडदे ओढले, बटण दाबलं. मुंग्या आल्या. या मुलांनी टीव्हीतल्या मुंग्या कधी पाहिल्याच नव्हत्या, त्यालाच टाळ्या वाजल्या. काकांनी चुंबक हळूहळू जवळ नेला. मैदान एका कोपऱ्यातून वळायला लागलं, मग मधोमध गोल पीळ बसला, आणि खोली एकदम गप्प झाली. एकेकाने चुंबक हातात घेऊन पाहिला. टेस्टरच्या वेळी सगळे काकांच्या मागे ओळीत उभे होते.

मग हिशेब घातला. फळ्यावर शून्यं लिहिताना जागा संपली, आठवीतल्या दोघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे भागाकार केला. मंगळाचे ८ अब्ज त्यांनी स्वतः काढले आणि छत्रीबागांची शंका त्यांनी आपणहून विचारली! मी गेल्या वेळचं अर्धं चित्र मुलांसमोर पुरं केलं. ऑक्सिजनचा अणू मंगळावरून सुटतो आणि शुक्रावर परत पडतो, हे दोन चेंडू वर टाकून दाखवलं.

सातवीतली ती मुलगी सगळं वहीत उतरवून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाई, आपला चुंबक विझला तरी आपली हवा राहील?" सयाजीबाग, मी सांगितलं की लगेच काही जाणार नाही. बरोबर सांगितलं ना?

---

सयाजीबाग (बडोदे)

बरोबर सांगितलंत. पृथ्वीचं क्षेत्र पूर्वी अनेकदा उलटलेलं आहे. शेवटचं पूर्ण उलटणं सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचं. उलटताना क्षेत्र हजारो वर्षं पार दुबळं होतं. हवा गेली नाही, जीवसृष्टीही टिकली, कारण जमिनीवर आपल्याला किरणांपासून मुख्यतः जाड हवाच वाचवते. त्रास झाला तर तो आपल्या यंत्रांना. फेब्रुवारी २०२२ मध्ये साध्याच वादळाने वरची हवा तापून फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ खाली ओढले जाऊन जळाले. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडाच्या क्युबेकमध्ये नऊ तास वीज गेली होती.

चुंबक हवेला वाचवतो की गळतीला वाट करून देतो, यावर मात्र दोन्ही बाजूंनी लेख येत आहेत. एक गट म्हणतो, चुंबक वाऱ्याला दूर थोपवतो. दुसरा म्हणतो, ग्रहापेक्षा कितीतरी मोठं जाळं पसरून तो वाऱ्याची ऊर्जा गोळा करतो आणि ध्रुवांवर ओततो, त्यानेच आयन तापून वर जातात. वर गेलेल्यांपैकी किती शेपटीतून परत येतात, त्यावर निकाल अवलंबून आहे. मला स्वतःला दुसऱ्या गटाचं म्हणणं जास्त पटतं. तिच्या वहीत दोन्ही लिहू द्या.

---

जुना_मेकॅनिक (इंदूर)

ताई, संच वाचनालयातच राहू द्या. घरी कोणी लावत नाही. फक्त ओल लागणार नाही अशा जागी ठेवा आणि चालू करायचा असेल तेव्हा फोन करा, मी येतो. त्या मुलीला चुंबक घरी न्यायचा होता, तो मी तिला देऊन टाकला.